दरोडेखोर कीर्तनकार

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर फासे खुळखुळत होते. त्या खेळात प्रत्येकानं आपलं पात्र रचायचं असतं: योद्धा, चोर, जादूगार, नाहीतर दोन पेशांची सरमिसळ. माझ्या मुलीनं, मुक्तानं, अर्धा दरोडेखोर आणि अर्धा कीर्तनकार रचला होता. तो माणसाला आधी खांबाला बांधणार आणि मग आख्यान लावणार.

खेळ चालवणारा तिचा मित्र ओंकार वैतागला. "एक ना धड, भाराभर चिंध्या! असं कुणी असतं का?"

मला वाटलं, असं नसलेलं तरी कोण असतं? मीच बारा आणे विमा एजंट आणि चार आणे कवी आहे. दोन्ही पेशांत मी लांबून दिसलो की लोक रस्ता बदलतात.

इतक्यात बायको पोहे घेऊन आली. ती दातांची डॉक्टर आहे आणि हौसेनं कीर्तनही करते. पेशंटनं आ वासला की तिचं आख्यान सुरू होतं, आणि त्याला उठताही येत नाही.

"काय रे ओंकार," ती म्हणाली, "तुझी दाढही अर्धी राहिलीय आणि आख्यानही. उद्या येतोस ना?"

ओंकारनं गाल धरला. "मुक्ता, हे पात्र नकोच," तो म्हणाला. "फारच ताकदवान होतंय."