बिनखात्याचे गुरुजी

रामटेके गुरुजींच्या घरात दूध वर यायला लागलं की गुरुजी गॅस बंद करत नसत. शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले असले तरी नसत. साय कडेनं थरथरू लागली की ते पेपरची घडी घालत, चष्मा सदऱ्याच्या खिशात ठेवत, मागच्या अंगणात जात आणि धुणं वाळत घालणाऱ्या सुमनबाईंना सांगत, "दूध वर येऊन राह्यलं. अन्न विभागानं लक्ष द्यावं." सुमनबाई हातातली ओली चादर खांद्यावर टाकून आत धावत. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे होती आणि माझा ओटा बरोबर तिच्यासमोर, त्यामुळे हा सरकारी कारभार मी रोज सकाळी फुकटात पाहायचो.

पोस्टात बदली होऊन मी गोंदियाहून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आलो आणि स्टेशनमागच्या वॉर्डात खोली घेतली, त्या दिवशीच आमची ओळख झाली. टेम्पोतून माझी गादी, बादल्या, पंखा उतरत होता. समोरच्या घरातून धोतर-सदऱ्यातले एक उंच गृहस्थ आले. नाव नाही, गाव नाही, थेट विचारलं, "तुमचं खातं कोनतं?"

मी म्हटलं, "पोस्ट."

"म्हंजे संचार मंत्रालय. केंद्राचे आहा तुमी. बसा, चहा सांगतो." आणि खरोखरच ते घरात चहा सांगायला गेले. करायला नव्हे.

गुरुजींनी जन्मभर हिंदी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. केंद्र सरकारचे विभाग आणि त्यांच्या जबाबदाऱ्या हा धडा पोरांना सर्वात कंटाळवाणा वाटतो. गुरुजींचा तोच लाडका. भूगोलाच्या मास्तरांना जगात डोंगर-नद्या दिसतात, यांना विभाग दिसत. आमच्याकडे मँगनीजच्या खाणी. त्याबद्दल ते सांगत, "खड्ड्यात आहे तोवर खान मंत्रालयाचं. बाहेर निंघालं का पोलाद मंत्रालयाचं. वाघिनीत चढलं का रेल्वेचं. अन् तुमच्या सदऱ्याले लागलं का तुमच्या बायकोचं." निवृत्त झाल्यावर शिकवायला पोरं उरली नाहीत, तेव्हा हा धडा त्यांनी घरात लागू केला. म्हणजे लागू आधीपासून होताच. निवृत्तीनंतर अंमलबजावणी कडक झाली एवढंच.

मंत्रिमंडळ चौघांचं. सुमनबाईंकडे गृह, अर्थ आणि अन्न. इतकी वजनदार खाती एकाच पदरात बांधलेलं दुसरं मंत्रिमंडळ माझ्या पाहण्यात नाही. थोरला प्रवीण ऊर्जा आणि संरक्षण सांभाळायचा, म्हणजे बल्ब, पाण्याची मोटर, फाटकाची कडी आणि कुत्रं. धाकटी शीतल परराष्ट्रमंत्री. शेजाऱ्यांच्या वाट्या परत करणं, येईल त्या पाहुण्याला पाणी देणं, उसनी साखर मागणं आणि मागायला आलेल्यांशी गोड बोलणं, हे तिचं खातं. ती चौथीत असताना तिनं ते मागून घेतलं होतं. गुरुजी स्वतः बिनखात्याचे मंत्री. नियम एकच, आणि तो ते गल्लीत कुणालाही ऐकवत: "ज्याचं खातं, त्याची जिम्मेदारी. दुसऱ्यानं फक्त सूचना द्यावी."

या नियमापायी घरात काय काय झालं ते सांगायला लागलो तर पोस्टाची वेळ चुकेल. प्रवीण गोंदियाला गेलेला असताना स्वयंपाकघरातला बल्ब गेला, तर ऊर्जामंत्री परत येईपर्यंत या लोकांनी अंगणात चूल मांडून दिवसाउजेडीच जेवण उरकलं. नवा बल्ब फळीवर पडून होता. एकदा रेल्वेच्या झुडपांतून एक मोर उडत आला आणि गुरुजींच्या छपराच्या टिनावर उतरला. टिनावर सुमनबाईंच्या मूगवड्या वाळत होत्या. प्रवीण काठी घेऊन शिडी चढायला लागला, तर गुरुजींनी त्याला खालूनच थांबवलं.

"थांब! राष्ट्रीय पक्षी आहे तो. पर्यावरण मंत्रालय! केंद्राचा मामला आहे."

"बाबा, वड्या खाऊन राह्यला ना तो!"

"वड्या अन्न विभागाच्या. टीन तुह्या विभागाचं. मोर दिल्लीचा. तिघाइनं बसून ठरवा लागन."

तिघांचं ठरेपर्यंत मोरानं वड्या संपवल्या, पिसारा न फुलवता निवांत पाहणी केली आणि निघून गेला. सुमनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "झाली का बैठक? तुमचं पर्यावरण माह्या वड्या खाऊन गेलं."

मी हसलो खरा, पण मनातून मला गुरुजींचा राग यायचा. खरं सांगायचं तर तो माणूस मला आळशी वाटायचा. इकडची काडी तिकडे करायची नाही आणि वर त्याला राज्यकारभार म्हणायचं! कामचुकारपणाला इतकं शास्त्रशुद्ध नाव देणारा माणूस मी पोस्टातसुद्धा पाहिला नव्हता.

मग शीतलचं प्रकरण झालं.

शीतल एका खासगी शाळेत शिकवत होती. किरनापुरच्या महेशचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. दोघं कॉलेजात ओळखीची झाली होती. तो शेतकरी हिंदू घरातला, हे घर बौद्ध. दोन्हीकडे गोंदिया-भंडाऱ्याकडची पाळंमुळं, दोन्हीकडे तेच जेवण, तीच बोली, आणि सोयरीक म्हटली की मध्ये भिंत. वॉर्डात कुणाला पत्ता नव्हता. पुढच्या खोलीत मोठमोठ्यानं फोनवर बोलणारी पोरगी हल्ली पाण्याच्या टाकीमागं जाऊन हळू आवाजात बोलते, हे फक्त पेपर वाचणाऱ्या गुरुजींच्या लक्षात आलं. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन सुमनबाईंना सांगितलं, "शीतलचं वर येऊन राह्यलं. गृह विभागानं लक्ष द्यावं." हे मला पुढं सुमनबाईंनीच सांगितलं. त्यांनी त्याच दुपारी पोरीला जवळ बसवून सगळं विचारून घेतलं, आरडाओरडा न करता, गल्लीला कळायच्या आत.

गल्लीला नाही कळलं, पण लामत्याला कळलं. तिथं सुमनबाईंचे एकुलते एक भाऊ शामराव राहायचे. एका रविवारी सकाळी ते मोटारसायकलवर आले. मी चहाला तिथंच होतो. उठायला लागलो तर गुरुजींनी हात धरून बसवलं. "बसा, संचार विभाग. तुमच्यापासून का लपवाचं?"

शीतलनं मामांना पाण्याचा पेला दिला आणि दाराशी उभी राहिली. मामा पाणी प्यायलेच नाहीत.

"भाऊजी, तुमी मना करा तिले," ते म्हणाले. "तुमी बाप आहा."

"पह्यले पाह्यजे, मामला कोनत्या विभागाचा आहे."

"विभाग गेला चुलीत! पोरगी दुसऱ्या समाजात चालली. उद्या त्याइनं हिले दारात उभं नाई केलं तं? आपल्या लोकाइत आमी कोनतं तोंड दाखवाचं?"

"दुसऱ्या समाजात म्हंजे घराच्या बाहेर. म्हंजे परराष्ट्र. ते शीतलजवळ आहे, चौथीपासून."

मामा बहिणीकडे वळले. "ताई, तू तरी बोल. घर तं तुह्याजवळ आहे ना?"

"मी जे इचाराचं ते तिले इचारलं," सुमनबाई म्हणाल्या. "पोराले भेटूनबी आली. दारू पेत नाई, दुकान सोताचं आहे. तिले तोच पाह्यजे. माह्यं काम झालं."

"अन् भाऊजी तुमी? बाप असून तुमच्याजवळ काईच नाई?"

"दिल्लीत लय विभाग आहेत, शामराव. रेल्वेले आहे, मासोळीले आहे, काढ्या-चूर्नालेबी आहे. बाप नावाचा विभाग मले काई भेटला नाई."

मला वाटलं आता हाणामारी होते. पण मामा जन्मभर गावचं राजकारण केलेले होते. त्यांनी गुरुजींना गुरुजींच्याच धड्यात पकडलं. शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मंग फेरबदल करा. हिचं खातं काढून घ्या. तेवढं तं करता येते ना?"

ते करता येत होतं, नियमात बसत होतं. शीतलनं दाराची चौकट धरली होती. बापानं नाही म्हटलं असतं तर ती पळून जाणाऱ्यांतली नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं ऐकलं असतं आणि मग आयुष्यभर या घरातल्या वाट्या परत करत बसली असती.

गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"काढता येते," ते म्हणाले. "पन काम खराब केलं असन तं. सांगा शामराव, कोनाची वाटी परत नाई गेली? कोना पाव्हन्याले या घरात पानी नाई भेटलं?"

मामांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. तो खाली ठेवला, गाडीला किक मारली आणि चहा न घेता निघून गेले. पुढं बहिणीच्या घरी ते फार दिवस आले नाहीत. राखीलासुद्धा सुमनबाईच लामत्याला जाऊन आल्या आणि दारातूनच परतल्या. तो हिशेब त्यांनी नवऱ्याला कधी ऐकवला नाही.

त्यानंतर एकदा आम्ही दोघं वैनगंगेच्या काठानं फिरायला गेलो होतो. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही झकास हात झटकलेत हो."

ते थांबले. "भाऊ, मले पोरगा पसंत नाई."

मी गार झालो. "काय? का?"

"लय बोलते." थोडं चालल्यावर म्हणाले, "अन् तिकडले लोक तिले कसे वागवतीन, त्याचं भेव वाटते. झोप नाई लागत."

"अहो, मग बोलला का नाहीत? तुमच्या नियमात सूचना तर बसते!"

"दुसऱ्याची सूचना सूचना असते. बापाची सूचना हुकूम होऊन जाते. म्हनून नाई देल्ली." आणि लगेच, जणू काही झालंच नाही अशा थाटात, ते मला नदीतलं पाणी, त्यातली वाळू आणि वरचा पूल कुणाकुणाच्या अखत्यारीत येतो ते समजावू लागले. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. तो हात सारखा खिशातल्या चष्म्याशी चाळा करत होता. त्या दिवसापासून मी त्यांना आळशी म्हणणं सोडलं.

लग्न नोंदणीनं झालं आणि मग अंगणात बुद्धांच्या तसबिरीपुढं वंदना झाली. महेशची आई आली, वडील आले नाहीत. गुरुजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते, त्यांनी एक खुर्चीसुद्धा हलवली नाही. पुढच्या वर्षी धान निघाल्यावर महेशचे वडील नव्या तांदळाचं पोतं घेऊन स्वतः दारात उभे राहिले. गुरुजींनी विचारलं, "तुमचं खातं कोनतं?"

"मी? शेती करतो, जी."

"म्हंजे कृषी मंत्रालय. बसा. चहा सांगतो."

मागच्या थंडीत गुरुजींना ताप आला आणि तो छातीत उतरला. दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर शेजारच्या खाटेवरचा रोगी पंख्यावरून दिल्लीला शिव्या घालत होता आणि गुरुजी धापा टाकत त्याला सांगत होते, "आरोग्य राज्याचा विषय आहे. केंद्राले बोल नोका लावू." दोन्ही सरकारं आपापल्या जागी राहिली. गुरुजी गेले. मला फार वाईट वाटलं. सकाळी ओट्यावर बसलो की समोरच्या खिडकीकडे बघवत नसे.

गुरुजींसाठी वंदना आणि पुण्यानुमोदन होतं, त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. लामत्याहून मामाही आले होते आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. चहासाठी दूध ठेवलेलं होतं. मी माझ्या ओट्यावरून खिडकीतून पाहत होतो. शीतल शेगडीजवळच उभी होती. साय थरथरली, फुगली, दूध पातेल्याच्या काठावर आलं. शीतलनं हात पुढं केला नाही. ती अंगणाच्या दाराकडे पाहत राहिली. दूध उतू गेलं, गॅस विझला, जळका वास गल्लीपर्यंत आला.

सुमनबाई धावत आल्या. "अवं, जवळ उभी होती ना? काहून नाई बंद केला?"

"मी वाट पाहून राह्यलती," शीतल म्हणाली. "बाबा आवाज देतीन म्हनून." आणि तिला रडू फुटलं.

त्यानंतर त्या घरात बरंच दूध उतू गेलं. सुमनबाईंना शेगडीपाशी उभं राहायची सवयच नव्हती. एका सकाळी मला ते पाहवेना. साय हलताना दिसली तसा मी ओट्यावरून ओरडलो, "काकू, दूध वर येऊन राह्यलं!"

सुमनबाई अंगणातून धावत आल्या, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत खिडकीशी उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोस्टवाले भाऊ, हे तुमचं खातं नोय."

मी ओशाळून मान खाली घातली.

"पन देत जा आवाज," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून बाजूला झाल्या.