आक्कांची सात ते साडेआठ

आमच्या चुलतसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं एक मिनिट फुकट घेतलेलं नाही आणि कुणाला एक मिनिट फुकट दिलेलंही नाही. भांडुपच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं टाइमकीपर होते. कामगार गेटातून आत कधी शिरला आणि बाहेर कधी पडला याची नोंद ठेवायची, एवढंच काम. पण ते अंगात असं काही भिनलं, की कारखाना बंद पडला, त्या जागेवर टॉवर उभे राहिले, तरी काकांची पाळी सुटली नाही. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये आजही सकाळची पाळी, दुपारची पाळी, संध्याकाळची पाळी अशाच भाषेत संसार चालतो. आंघोळ सात मिनिटं, जेवण अकरा मिनिटं. लग्नानंतर त्यांनी मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा मी बाराव्या मिनिटाला भात मागितला. काका तोवर हात धुऊन, टॉवेल घेऊन माझ्या शेजारी उभे होते. दूधवाला उशिरा आला तर ते त्याला शब्दाने बोलत नाहीत. नुसते दार उघडून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहतात. असे चार दूधवाले पळाले. माझी बायको त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. ती सांगते, लहानपणी सुट्टीत काकांकडे राहायला गेलं की रडायलासुद्धा जेवणानंतरची वेळ होती, आणि तोवर आपण कशाला रडणार होतो ते विसरायला व्हायचं.

याच घड्याळापायी त्यांनी थोरली बहीण तोडली, आणि तीही माझ्या लग्नात. म्हणजे या प्रकरणात मीही फुकटचा आरोपी आहे. हॉल तीनला रिकामा करायचा होता. बाकीचे सगळे बुफे म्हणत होते, पण बुफे म्हणजे बेशिस्त, कुणीही कधीही येणार आणि कितीही खाणार, असं म्हणून काकांनी पंगतीच मांडायला लावल्या. एका पंगतीला पंचवीस मिनिटं, आणि गळ्यात शिट्टी अडकवून स्वतः देखरेखीला. लहानमोठे सगळे ज्यांना आक्का म्हणतात त्या त्यांच्या बहीणबाई पहिल्या पंगतीला बसल्या. आक्कांचं जेवण सावकाश. घास नीट चावायचा, मग शेजारणीला काहीतरी सांगायचं, मग पुढचा घास. शिट्टी वाजली तेव्हा त्यांच्या पानात मसालेभात होता, जिलबी होती आणि मठ्ठा अजून यायचा होता. खुर्चीमागे दुसऱ्या पंगतीची माणसं येऊन ठेपली होती. काका जवळ गेले आणि म्हणाले, "आक्का, ऊठ. वेळ संपली." आक्का उठल्या, हात धुतला, पर्स घेतली आणि बोरिवलीला गेल्या त्या गेल्याच. भरल्या पानावरून उठवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. काकांना कळलं नव्हतं असं नाही, पण घड्याळाची चूक नव्हती ना, मग माफी कसली मागायची? आक्कांचे यजमान गेले तेव्हा काका बोरिवलीला जाऊन आले, पण कोपऱ्यात बसून आले. नऊ वर्षं दोघांमध्ये एक शब्द नाही.

तर मागच्या वर्षी काकांनी केबल काढून टाकायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे आपल्यासारखं बिल बघून वैतागून नव्हे. महिनाभर टीव्हीशेजारी वही ठेवून त्यांनी वाहिन्यांची हजेरी घेतली. काकूंनी मालिका लावली की नोंद, जाहिरात लागली म्हणून बदलली की नोंद. काकू बिचाऱ्या शेवटी शेवटी रिमोटला हात लावायलाही घाबरायला लागल्या. महिन्याच्या शेवटी निकाल लागला: पैसे दोनशे वाहिन्यांचे, कामावर हजर पाच. "बाकीचे सगळे बसून पगार खातायत," काका म्हणाले. केबलवाला वीस वर्षांच्या ओळखीचा, तो टीव्हीखालचा केबलचा डबा परत घ्यायला आला तेव्हा काकुळतीला आला, पैसे कमी करतो म्हणाला. काकांनी त्याला चहा पाजला आणि पुसूनपुसून लख्ख केलेला डबा हातात ठेवला. मग मला बोलावणं आलं. मी बँकेत कर्जांचे कागद तपासतो, पण कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणजे जावयाला सगळं येतं अशी आमच्या सासुरवाडीची समजूत आहे. मी त्यांच्या टीव्हीवर इंटरनेटवरून मालिका बघायचं एक ॲप टाकून दिलं. काकूंच्या मालिका त्यात होत्या, काकांची कबड्डी होती, वर्षाची वर्गणी केबलच्या मानाने किरकोळ होती. सगळं झकास झालं होतं. पण जाता जाता माझ्या तोंडून गेलं, की ही वर्गणी एकाची असली तरी एका वेळी दोन घरांत चालते.

काका खुर्चीतून उठलेच. दोन मशीनं आणि कामगार एक, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. चार घरांत वर्गणी वाटायची, पाळ्या लावायच्या, एका वेळी दोनच घरं, असं तिथल्या तिथे ठरलं. त्यांचं घर, आमचं घर, घाटकोपरला माझे सासरे. चौथं कोण? बायको म्हणाली, आक्का. आक्का बोरिवलीत एकट्या, मुलगा परदेशात, त्याच्याशी बोलायला घरात इंटरनेट घेतलेलं, वर केबलचे पैसे वेगळे.  काकांनी बराच वेळ घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "विचारा. माझं नाव काढू नका." बायकोने तिथूनच फोन लावला. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चालेल. पण मधेच उठवणार नाही ना, एवढं विचार त्याला." बायकोने काकांकडे बघितलं. काका पाणी भरायला आत निघून गेले. तोच होकार, असं आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी तक्ता तयार. तांबड्या शाईच्या रेघा, चार रकाने: नाव, लागण्याची वेळ, सुटण्याची वेळ, शेरा. त्याचा फोटो चारही घरी गेला. सासऱ्यांना दुपार मिळाली, आम्हाला नऊनंतर, आणि आक्कांना संध्याकाळची सात ते साडेआठ. सासरे गरीब माणूस. एकदा कबड्डीचा सामना लांबला आणि ते बघत बसले, तर त्यांच्या नावापुढे "विनापरवानगी ओव्हरटाइम" असा शेरा पडला. पण खरी गंमत पुढेच आहे. दर पाळी संपली की काका आपल्या फोनवरून सगळ्या घरांना ॲपमधून बाहेर काढायचे. कारखान्यात सुटताना कार्ड पंच केलं नाही तर माणूस आतच धरतात आणि तास चढत जातात, तसंच इथेही होत असणार अशी त्यांची खात्री. मग पुढच्या पाळीला पुन्हा काकांचा नंबर टाकायचा, त्यांच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येणार, तो विचारून घ्यायचा, तेव्हा कुठे चित्र दिसायचं. आम्हाला वाटायचं, ॲपची पद्धतच अशी आहे. कोड आम्हाला काकू कळवायच्या, आणि आक्कांना माझी बायको.

तिसऱ्या आठवड्यात बायको ऑफिसात अडकली, आक्कांना कोड वीस मिनिटं उशिरा मिळाला. साडेआठला आम्ही दोघं काकांच्याच घरी बसलो होतो. काकांनी नेहमीप्रमाणे फोन उचलला, चष्मा वर केला, बटण दाबलं; आम्हाला रोज बाहेर कोण काढतं ते मला तेव्हा कळलं. तिकडे बोरिवलीत मालिकेतल्या सुनेला सगळं खरं खरं कळणार इतक्यात पडदा कोरा झाला. मिनिटभरात काकांचा फोन वाजला. त्यावर आक्कांचं नाव बघून काकांनी तो बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग उचलला. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"पुन्हा उठवलंस ना रे मला?"

आक्का ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.  काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "बस, आक्का. तू बस. कोड सांगतो." एकेक करून सहा आकडे सांगितले. लागलं का विचारलं. लागलं, म्हणाल्या. "पूर्ण बघ," काका म्हणाले, "घाई नाही." चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्याहून जास्त वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. काकू आत जाऊन धुतलेलीच भांडी धुवायला लागल्या.

त्यानंतर आक्कांनी माझ्या बायकोला कोड विचारणं सोडून दिलं. रोज सातच्या ठोक्याला सरळ काकांना फोन. आधी नुसते सहा आकडे. मग आकड्यांनंतर गुडघा कसा आहे. मग कालच्या भागात त्या सासूने काय वाट लावली. मला राहवेना. मी एकदा काकांना नीट समजावलं, की असं रोज बाहेर काढायची काही गरज नाही, इथे तास चढत नाहीत, टीव्ही सगळं लक्षात ठेवतो. काकांनी आधी स्वयंपाकघराकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "माहीत आहे मला. केबलवाल्यानेच सांगितलं, बाजारात भेटला तेव्हा." मग रोज का करता, विचारलं. "नाहीतर ती फोन कशाला करेल?" पुढे दिवाळीचा फराळ द्यायला बोरिवलीला गेलो, तेव्हा तेच ज्ञान आक्कांना पाजायला गेलो. "कळतं हो मला, जावईबापू," त्या म्हणाल्या. "राहू द्या. मला कळत नाही असं वाटतं त्याला, ते बरं आहे." दोन्हीकडची गुपितं पोटात घेऊन मी गप्प राहिलो. बँकेत तेवढं शिकवतातच.

आणि मग गेल्या महिन्यात एका बुधवारी फोन आलाच नाही. मी काकूंचा डबा परत करायला गेलो होतो, बायकोही बरोबर होती. सात वाजले, पाच झाले, दहा झाले. काका फोनसमोर बसून. मी म्हटलं, तुम्हीच लावा की. "मी काय सांगून लावू?" ते म्हणाले. इतके महिने फोन तिकडूनच येत होता, इकडून करायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. शेवटी बायकोने लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.  काकांनी उठून शर्ट चढवला आणि म्हणाले, "रिक्षा बघा." हा माणूस बसची वाट बघत अर्धा तास उभा राहील, पण रिक्षाला हात करणार नाही. बायको काकूंजवळ थांबली, आम्ही दोघं निघालो. गोरेगावच्या लिंक रोडला गाड्यांची रांग लागली होती. काकांनी एकदाही मीटरकडे बघितलं नाही, घड्याळाकडे तर नाहीच. समोरची दांडी धरून बसले होते. मधेच म्हणाले, "त्या दिवशी मठ्ठा वाढायचा होता अजून. मला दिसत होता वाढपी. पलीकडच्या रांगेत होता." 

आक्कांनी स्वतः दार उघडलं, हातात डाव. गल्लीत दुपारी रस्ता खणताना इंटरनेटची वायर तुटली होती आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. माझा जीव भांड्यात पडला. काका उंबऱ्याबाहेरच उभे. "फोन करायचास ना तरी," म्हणाले. "नेटच नाही तर कोड कशाला हवा? मी काय सांगून लावू?" आक्का म्हणाल्या. शब्दाला शब्द तोच. एका आईची लेकरं, दुसरं काय. मग त्यांनी विचारलं, जेवलास का. काकांची आठची वेळ केव्हाच टळून गेली होती. आक्कांनी तीन ताटं घेतली. भात, बोंबलाचं कालवण, सोलकढी. काकांचं जेवण सवयीने अकरा मिनिटांत आटपलं. माझंही पाठोपाठ झालं. आक्का अर्ध्यावरही नव्हत्या. एक घास, मग मालिकेतली सून, मग एक घास, मग खालच्या मजल्यावरचं भांडण. काका बसून राहिले. पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, ही आपली जुनी रीत. त्यांच्या बोटांवरची शितं वाळून कडक झाली, तरी हात ताटावर तसाच. आक्कांना दिसत होतं. माझी शपथेवर सांगायची तयारी आहे, त्या मुद्दाम हळू जेवल्या. शेवटी आणखी एक वाटी सोलकढी घेतली, ती निवांत प्यायल्या आणि म्हणाल्या, "ऊठ आता. हात वाळला तुझा." काका उठले, आणि मोरीवर जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. 

या वर्षी ॲपची वर्गणी वाढली. केबलवाला परवा काकांना स्टेशनजवळ भेटला, तो म्हणाला, काका, आता माझंच स्वस्त पडेल. काका "असेल" म्हणाले आणि पुढे गेले. नवा तक्ता आला आहे. आक्कांच्या नावापुढे लागण्याची वेळ सात आहे; सुटण्याच्या वेळेचा रकाना कोरा. बायकोला वाटलं, लिहायचं राहिलं. मी तिला काही सांगितलं नाही. दोघंही आता थकत चालली आहेत. आक्कांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून काका एकेक आकडा दोनदोनदा सांगतात, मधे गुडघ्याचं निघतं, मालिकेचं निघतं, लहानपणीचं काही निघतं, तोवर तो कोड शिळा होतो आणि नवीन मागवावा लागतो. आमची पाळी नऊची आहे. पण कोड येतो त्या फोनवर या दोघांचं बोलणंच संपलेलं नसतं, म्हणून ती कधी साडेनऊला लागते, कधी लागतच नाही. आम्ही टीव्हीसमोर कोरा पडदा बघत बसतो आणि तक्रार करत नाही.