कमळाबाईच्या छातीतला डाग

पंचवीस वर्षं बातमीदारी केली की छापलेलं विसरायला होतं आणि न छापलेलं साचत जातं. मुरुडच्या मासळीबाजारातल्या कमळाबाईचे किस्से माझ्याकडे असेच साचलेत. मित्र जमले की सुरू करतो. हसू पहिल्या दोन किश्शांपुरतंच टिकतं.

*

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची गोष्ट. कमळाबाईला स्तनाचा कॅन्सर झाला. मुंबईत ऑपरेशन झालं, मग महिनाभर छातीला मशीनच्या किरणांचा शेक. शेक कुठे द्यायचा ते कळावं म्हणून छातीवर जांभळ्या शाईची चौकट आखलेली. "पुसायची नाही!" अशी ताकीद.

गावी आल्यावर बायकांनी विचारलं, हे काय ग? कमळाबाई म्हणाली, "सरकारनं मोजनी केलीय. आता सर्वे नंबर पडला की सातबारा माझ्या नावावर!"

*

चार महिन्यांनी कोरडा खोकला सुरू झाला, मग धाप. आमच्या गावच्या डॉक्टरांनी अलिबागला छातीचा एक्स-रे फोटो काढायला लावला. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग!

"टीबी," डॉक्टर म्हणाले.

"मुंबईच्या शेकाचं तर काही नसेल?" मी विचारलं.

"शेक छातीला दिलाय हो, फुफ्फुसाला नाही. तुम्ही तुमच्या बातम्या बघा!"

"पण थुंकी दोनदा तपासली, जंतू सापडला नाही."

"लपलाय!"

*

रोज दंडात सुई सुरू झाली. टीबी म्हटल्यावर तिची मासळी कोण घेणार? बाजारातली पायरीजवळची जागा तिला सासूकडून आलेली. तिथे धाकटी जाऊ येऊन बसली.

मी चिडून विचारलं, "अशी कशी उठलीस? भांडली नाहीस?"

"भांडायला दम लागतो, भाऊ."

*

तो फोटो काखेत मारून मी बोटीने मुंबईला गेलो. शेक देणाऱ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, त्यावर फूटपट्टी ठेवली. डागाची कड पट्टीला तंतोतंत लागून!

"टीबी असा रेघ आखून वाढत नाही," ते म्हणाले. "आमच्या शेकानं फुफ्फुस करपलंय."

"मग हे असं होऊ शकतं, हे तिला आधी का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तिनं? शेकाशिवाय कॅन्सर थांबला असता का?"

त्यांनी चिठ्ठी दिली: टीबी नाही. औषधाची जागा कोरी.

*

चिठ्ठी मी भर बाजारात ओरडून वाचली. जाऊ मुकाट उठली. कमळाबाई पायरीजवळ बसली. गिऱ्हाइकाने पापलेटचा भाव विचारला, तर तिने नुसती बोटं दाखवली.

"मुकी झालीस का ग?" गिऱ्हाईक म्हणालं.

*

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर आपटली! त्यांनी ती दोनदा वाचली.

"आजपासून सुई बंद," ते म्हणाले.

"तिच्या बदली काय?" कमळाबाईने विचारलं.

"काही नाही."

"काय पन न्हाय?"

"करपलेलं फुफ्फुस परत येत नाही, बाई."

ती बराच वेळ श्वास गोळा करत बसली. मग पदर सारून तिने दंड पुढे केला.

"मग टीबीच लिवा, डॉक्टर. त्याला सुई तरी हाय."

"अग, बाजारातली जागा परत जाईल!" मी ओरडलो.

"जाऊ दे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. त्यांनी उठून स्टोव्ह पेटवला आणि सुई उकळत ठेवली.