एकवीस जोड्यांची माळ

अभिमन आबांनी आयुष्यात कधी भाव तोंडाने सांगितला नव्हता. ते बैलांचे दलाल. सोनगीरच्या गुरांच्या बाजारात ते समोरच्याचा हात आपल्या खांद्यावरच्या पंच्याखाली घेत आणि बोटे दाबून किंमत सांगत. समोरचा गप्प राहिला तर त्याला पटले नाही असे समजायचे आणि आणखी एक रुपया चढायचा. पटले की तो पंजा घट्ट आवळी, सौदा संपे. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नसे. भाव मोठ्याने बोलणे म्हणजे चारचौघांत धोतर सोडणे, असे आबा म्हणत.

१९२५च्या मे महिन्यात मी सुट्टीला धुळ्याला घरी आले होते. माझे वडील, दादा, कचेरीत अव्वल कारकून होते. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेले माझे अक्षर चांगले, म्हणून कधीमधी ते मला याद्या उतरवायला देत. त्या दिवशी लिलावाची यादी होती; जळगावला पकडलेल्या एका चोराकडचा माल, सहा महिन्यांत कोणी मागायला न आलेला. आबा आमच्या दमणीच्या, बसायच्या हलक्या गाडीच्या, बैलाचा खूर बघायला आले होते. मी लिहिता लिहिता वाचत होते, "राणीछाप रुपये एकवीस, कड्या लावलेले, काळ्या दोऱ्यात ओवलेले."

आबांनी बैलाचा पाय खाली ठेवला.

"एकवीस म्हनी का, ताई?"

ती माळ त्यांच्या बायकोची, तानुबाईची होती. लग्नानंतर आबांनी विकलेल्या पहिल्या जोडीच्या दलालीतून एक रुपया तिच्या गळ्यात आला. पुढे चांगला सौदा झाला की एकेक वाढत गेला. आदल्या वर्षी सोनगीरच्या जत्रेत गर्दीत कोणीतरी दोरा कापला. चौकीवर जायचे दोघांच्याही मनात आले नाही. तेव्हापासून तानुबाई पदर गळ्याशी ओढूनच बसायची.

दादांनी ऐकून घेतले, पण मुदत टळली होती. "आता सरकारी माल आहे. लिलावात या, बोली बोला."

"बठ्ठा लोकसमोर?"

"सगळ्यांसमोर. मोठ्याने."

"माले नही जमाव," आबा म्हणाले.

मग तीन दिवस रोज दुपारी मी त्यांना अंगणात बोली शिकवली. मी दादा व्हायची. आबा "दहा" म्हणताना घसा खाकरायचे, पंचा चाचपायचे आणि आकडा विहिरीकडे बघून बोलायचे. त्यांच्या कमरेला वीस रुपये होते. त्यावर एक पैसा नव्हता, आणि पैसे तिथल्या तिथे भरायचे होते. एक गोष्ट शिकवायची मात्र राहिली. ती मला स्वतःलाच ठाऊक नव्हती.

सोमवारी, ११ तारखेला, लिलाव झाला. कचेरीच्या ओट्यावर खिडकीशी मी आणि तानुबाई बसलो. आत दादा मेजाशी, समोर दहाबारा माणसे. माळ निघाली तशी तानुबाईने खिडकीचा गज धरला.

चांदीचे व्यापारी मिश्रीलाल शेठ बारावर सुरू झाले. त्यांच्या शेतावरचे बैल आबांनीच घेऊन दिलेले, पण व्यापार तो व्यापार. दोघेतिघे चढले, गळाले. शेठ सोळावर आले. दादा म्हणाले, "सोळा, एक वार."

आबांनी उठून आपला पंचा दादांच्या हातावर टाकला. सगळे हसले.

"अहो, इथे हात नाही, तोंड," दादा म्हणाले.

पंचा परत खांद्यावर गेला. आबांनी भिंतीकडे बघितले.

"सतरा."

शेठही गळाले. कडी लावलेला रुपया नाणे म्हणून चालत नसे, आणि सतराला नुसती चांदी त्यांना परवडत नव्हती. दादा म्हणाले, "सतरा, एक वार."

पंजा आवळला गेला नाही, म्हणून आबांना वाटले, दादांना पटत नाही. "अठरा," ते म्हणाले.

"अठरा, एक वार."

"एकोणीस."

"कुनाशी भांडताय, आबा?" मागून कोणी तरी म्हणाले. मी गजातून खुणा करत होते. आबांचे लक्ष दादांच्या तोंडाकडे, आणि दादा तर कायद्याने पुकारायलाच बांधलेले.

"एकोणीस, एक वार."

"वीस."

वीसच्या पुढे आबांच्या कमरेला काही नाही, हे तानुबाईला माहीत होते. दादांनी "वीस, एक वार" म्हटले आणि आबांनी पुन्हा तोंड उघडले.

तेवढ्यात मिश्रीलाल शेठ उठले. आबांच्या खांद्यावरचा पंचा त्यांनी ओढला, आपल्या आणि त्यांच्या हातावर टाकला आणि पंजा आवळला. आबांचे तोंड मिटले. पंजा आवळला, म्हणजे सौदा संपला. हे त्यांना चाळीस वर्षे ठाऊक होते.

"दोन वार, तीन वार," दादा इतके भरभर म्हणाले की कारकुनाची लेखणी मागे राहिली.

"एकवीस रुपयांना वीस दिले," शेठ बसता बसता म्हणाले. "आबा, धंद्यात एक रुपया सुटला, तो तुमचा."

पैसे भरून आबा बाहेर आले आणि तानुबाईशेजारी बसले. तिने माळ पदरात घेऊन एकेक रुपया चाचपला. "हाऊ चांद्याना. हाऊ लाख्याना. हाऊ त्या मारक्याना." एकवीसही तिने बैलांच्या नावाने ओळखले. कोणता कोणाचा हे तिला खरेच कळत होते का, मला शंका होती, आबांना नव्हती.

मग आबांनी पंचा तिच्या हातावर घातला आणि किंमत सांगितली. खिडकीतून तिने सगळे ऐकले होते, तरी सांगितली. तानुबाईनेही पंच्याखाली काहीतरी उत्तर दिले. बायकांनी कधी न शिकलेली ती भाषा तिला येत होती.

"काय म्हणाली?" मी विचारले.

आबा पहिल्यांदाच मोकळे हसले. "म्हनस, इतलामा ते गोऱ्हा ई जाता." वीस रुपयांत एक गोऱ्हा आला असता, असे.

तानुबाईने माळ गळ्यात घातली आणि पदर मागे सारला.