तहसीलचं मूळ

धाड गावाहून निघालेल्या जीपमध्ये एक अनोळखी माणूस मेथीच्या जुड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला होता. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आमची नावं चढवायला मी चौथ्यांदा तहसीलला निघालो होतो. तहसील हा शब्द ऐकून तो भलताच खूश झाला. आखातात बरीच वर्षं ट्रक चालवून तो अरबी शिकला होता.

"हसल म्हंजे भेटलं," माझ्या गुडघ्यावर बोट आपटत तो म्हणाला. "मधल्या अक्षरावर जोर द्या, हस्सल. म्हंजे गोळा केलं. त्याचंच झालं तहसील. महसूल बी त्याच घरचा."

"मंग मले काऊन काहीच भेटत नाही?"

"मधल्यावर जोर दिला नसन तुम्ही."

सगळी जीप हसली. तो मात्र माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हसल म्हंजे घडलं, असंबी होते. वावर भेटलं, हसल. बाप गेला, हसल. अरबायले दोन्हीले एकच शब्द पुरते. कसा होता हो बाप तुमचा?"

वडील गेल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं. उतरायचं ठिकाण येईपर्यंत मी बोलत राहिलो.