कौसामावशींचं प्रस्थान

मी खोटं बोललो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगू म्हटलं की माझ्यासारखा माणूस सांगतच नाही. कौसामावशींना जलघाताचा योग आहे, पाण्यापासून त्यांच्या जिवाला धोका आहे, त्यांनी समुद्राच्या वाटेला जाऊ नये, असं मी त्यांच्या मुलासमोर, पंचांगावर हात ठेवून सांगितलं. तसं काहीही नव्हतं. मावशी मागच्या थंडीत गेल्या. तापानं. चुडाव्यातल्या आपल्या घरात, कोरड्या अंथरुणावर.

माझा धंदा सहलींचा. राहायला चुडाव्यात, दुकान पूर्णेला, एक मिनीबस. वडिलांकडून पत्रिका बघायला शिकलो होतो, म्हणून पाटीवर ‘राशीनुसार सहल’ असं लिहून घेतलं आणि धंदा चालला. कर्केला समुद्र, मेषेला डोंगर, मीनेला संगमाचं क्षेत्र. लोक हसतील असं वाटलं होतं, पण लोकांनी रांग लावली. चांगली शिकलेली, पगारदार माणसं मोबाइलवर जन्मवेळ पाठवून विचारतात, ‘गुरुजी, यंदा आमचे ग्रह कुठं जा म्हणतात?’ आज मला त्यांचा संताप येतो. पण ही सवय लावली मीच. ज्या सहलीला जागा रिकाम्या असत, तिकडं मी ग्रह वळवत असे.

मावशींचं घर आमच्यापासून दोन घरं पलीकडे. उंच, वाळक्या बाई. कोयता धरून धरून उजवं मनगट कायमचं वाकडं झालेलं. भिंतीला टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. सोळा हंगाम त्या ऊसतोडीला गेल्या होत्या. म्हणायच्या, “लय फिरले मी, गुरुजी. पर कुठं जायचं ते मुकादमानं ठरवायचं. ट्रकात बस म्हणलं की बसायचं, उतर म्हणलं की उतरायचं. फड तेवढा पाह्यला, गाव कोणतं ते इचारलंच न्हाई.”

सांजच्याला त्या स्टेशनावर जाऊन बसत. गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसाला विचारत, “कुठं जायलाव?” त्यानं नांदेड म्हणो की औरंगाबाद, पुढचा प्रश्न ठरलेला, “कुणी सांगितलं जायला?” कुणी कोर्टाची तारीख सांगे, कुणी पाहुण्याचं दुखणं. एकदा एक कॉलेजातली पोरगी म्हणाली, “कुणीच नाही आजी. वाटलं, निघाले.” मावशींनी तिला पिशवीतल्या शेंगा काढून दिल्या. “ह्याला म्हणायचं जाणं,” त्या मला येऊन म्हणाल्या, “बाकीचं समदं धाडणं हाय.”

समुद्र त्यांच्या डोक्यात कोल्हापूरकडच्या फडांवर शिरला. तिथं एक ट्रकवाला घाट उतरून जायचा आणि येताना सुकट आणायचा. समुद्र किती लांब, असं विचारलं की तो डोंगराकडं हात करून म्हणायचा, ह्याच्यामागं. सोळा वर्षं तो ह्याच्यामागं राहिला. “वासानं मला ठावं हाय समुद्र,” त्या म्हणत. “तोंड पाह्यचं ऱ्हायलंय फक्त.”

म्हणून माझी कोकणची सहल निघाली तेव्हा पहिलं नाव त्यांनी लिहवलं. खिडकीची जागा मागून घेतली. निघायच्या चार दिवस आधी पूर्णेचे एक साहेब आले. त्यांची माणसं सहा ठरली होती, ती सात झाली, मेहुणा वाढला. दरवर्षी अख्खी गाडी भरून देणारे साहेब. मी नाही म्हणू शकलो नाही. आणि मावशींना ‘तुमची जागा दुसऱ्याला दिली’ हे सांगायचं धाडसही झालं नाही. मी त्यांच्या मुलाला, दत्ताला, दुकानात बोलावलं. मावशीही आल्या.

जन्मवेळ विचारली, तर मावशी म्हणाल्या, “माय म्हणायची, लय थंडी व्हती. एवढंच ठावं.” मी म्हणालो, प्रश्नकुंडली मांडतो. जन्मवेळ नसली की प्रश्न विचारल्या क्षणाचे ग्रह घेऊन मांडतात ती. मी कागदावर चौकट काढली, बारा घरं पाडली, भराभर ग्रहांची आद्याक्षरं भरली आणि गंभीर चेहरा करून म्हणालो, “शनी पाण्याच्या राशीत आलाय. जलघात आहे.” दत्ता पांढरा पडला. मावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मेहुणा त्यांच्या खिडकीत बसून कोकण बघून आला.

सांगितलेलं तेवढ्यावर थांबत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दत्तानं तो कागद देवांच्या तसबिरीमागे ठेवला. आधी समुद्र बंद झाला, मग नदीवरची आंघोळ, मग विहीर. सून त्यांना पाणवठ्याला एकटं जाऊ देईना. सोळा हंगाम राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आलेली बाई घागरीला महाग झाली. नातवंडं शाळेच्या सहलीत समुद्र बघून आली, शिंपले घेऊन आली. दत्तानं ते शिंपलेसुद्धा घराबाहेर टाकले. मला दत्ताचा राग यायचा. एवढा मोठा गडी, विचारत का नाही काही? आणि मग आठवायचं की न विचारणारा माणूसच मला हवा होता.

मावशींनी मात्र हट्ट सोडला नाही. आमच्याकडे दिवस वाईट असला, तर चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवतात. सुपारी, तांदूळ, अंगावरचं एखादं वस्त्र बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरतात. जलघात सांगितला त्याच आठवड्यात मावशी गाठोडं घेऊन आमच्या दारात आल्या. “ठेवा हे. दिवस बरा झाला की उचलते.” ते गाठोडं आमच्या ओसरीच्या कोनाड्यात नऊ वर्षं राहिलं. दिवाळीला माझी बायको कोनाडा झाडायची आणि ते पुन्हा जाग्यावर ठेवायची. येता-जाता मावशी बाहेरूनच विचारायच्या, “हाय का जाग्यावर?” कुणी थट्टा केली, काय म्हातारे, कुठवर आलीस, तर म्हणायच्या, “निघालेली बाई हाय मी. वाटंत गुरुजीचं घर लागलं, एवढंच.”

मग त्यांचे डोळे जायला लागले. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा गेला होता, दुसऱ्याचं कडेचं दिसणं गेलं होतं आणि गेलेलं परत येणार नव्हतं. दत्ता तो कागद घेऊन माझ्याकडे आला. “गुरुजी, बगा की, आता तरी टळला का योग? आई दुसरं काय मागंनाच.”

हळदीकुंकवानं लाल झालेला तो कागद मी नऊ वर्षांनी हातात घेतला. अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. र, चं, मं, बु, गु, शु, रा, के. आठ. ज्या शनीवर मी सगळं ढकललं, तो कागदावर नव्हताच. खोटं लिहायचं, तेही मी धड लिहिलं नव्हतं. आणि त्या आठ ग्रहांना ते घर रोज उदबत्ती ओवाळत होतं.

मी म्हणालो, “दत्ता, जलघात नाही. जाऊ दे त्यांना.”

“आईची दया येऊन म्हणायलाव तुमी.”

“ग्रह नऊ असतात. मोज.”

त्यानं बोट ठेवून मोजले. दोनदा मोजले. “मग हे?”

“गणितात चूक झाली,” मी म्हणालो. तिथंही मी खरं बोललो नाही. चूक झाली म्हणालो, जणू ती आपली आपण होते.

दुसऱ्या दिवशी मावशींनी कोनाड्यातलं गाठोडं उचललं. मायलेक कोकणात गेले आणि पाच दिवसांनी परतले. त्या संध्याकाळी मावशी दत्ताचा हात धरून आमच्या ओसरीवर आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

“पाह्यला,” त्या म्हणाल्या. “पर तुकड्या-तुकड्यानं. मान फिरवायची, एक तुकडा दिसायचा. फिरवली की आधीचा गेला. दत्त्या म्हणायला, आई, केवढा हाय बग. मला केवढा ते कळंना. नळीतून बगितल्यावानी.”

मी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

“नऊ वर्सांमागं समदा एकदम दिसला असता, गुरुजी.”

“गणितात...” मी सुरुवात केली.

“गणित न्हवतं. त्या दिशी तुमी पंचांग उघडलंच न्हाई. नुस्ता हात ठेवला. मला वाचता येत न्हाई, पर पुस्तक झाकलेलं हाय का उघडं, ते कळतं.”

दत्ता म्हणाला, “आई, मग तव्हाच काहून बोलली न्हाईस?”

“बोलले. घरी आल्या-आल्या बोलले. तू म्हणलास, तुला काय कळतंय त्यातलं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. मला नीट दृष्टीत धरायला त्यांना मान दोनदा हलवावी लागली. “माझं ह्यानं ऐकलं न्हाई. तुमचं ऐकतो. सांगा ह्याला.”

दत्ता माझ्याकडे बघत होता. आत बायको भाकरी थापायची थांबली होती. मी उठलो आणि मावशींच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. म्हणून मी उभ्यानंच बोललो.

“दत्ता, तुझ्या आईला कसलाच योग नव्हता. माझ्या गाडीत एका साहेबांच्या मेहुण्याला जागा पाहिजे होती. ती द्यायला मी ग्रहांचं नाव घेतलं. मावशी, तुमचा समुद्र मी अडवला. तुम्ही खरं सांगत होता आणि तुम्हाला खोटं पाडणारा मीच. माझ्या हातून झालं नाही, मी केलं. मला माफ करा.”