हूं देणारी वहिनी

ऑक्टोबर लागला की आम्हाला निरोप येऊ लागतात, "हॅलोविनला बघायला घाबरवणारे सिनेमे सांगा ना." आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या वहिनीला. सिनेमांवर आमचा एक पॉडकास्ट आहे. काशीदला आमची नारळी-सुपारीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत, आणि जास्तीच्या गाद्या ठेवायची एक कोठी आहे. त्या कोठीत बसून आम्ही बोलतो. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही, समुद्रही आत येत नाही. शहरात यासाठी भिंतींना फोम लावतात म्हणे. आम्हाला गरज पडली नाही.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. अलिबागला एसटीने ये-जा करून शिकले आणि आता तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. सिनेमाबद्दल मी जे बोलते ते बघून, वाचून आणि विचार करून बोलते, आणि चांगलं बोलते. हे दुसऱ्या कुणी म्हणण्याची मी वाट बघत नाही.

हॅलोविन हा आमचा सण नाही. तो पाहुण्यांच्या गाड्यांतून आला. एका वर्षी मुंबईच्या एका ग्रुपने प्लास्टिकचे सांगाडे आणले आणि आमच्या सुपारीच्या झाडांना टांगले. आई म्हणाली, "उतरवताना एक जरी विसरले ना, तर सुपारी काढायला चढलेला माणूस धाडकन खाली यायचा." मग त्यांनी लाल भोपळा कोरून आत दिवा लावला. आई बराच वेळ बघत उभी राहिली. "आतला गर कुठाय?" तिने विचारलं. गर कचऱ्यात होता. सांगाड्यांनी नाही घाबरली ती, पण तो गर बघून हळहळली. त्या भोपळ्यात घरभर घारगे झाले असते.

तर सिनेमे. माझे नियम सरळ आहेत. भूत पहिल्या दहा मिनिटांत दिसलं तर सिनेमा बंद करा, पुढे दाखवायला त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. संगीत तुम्हाला "घाबरा, घाबरा" म्हणून ढोसत असेल तर तोही बंद करा. फोनवर, तुकड्या-तुकड्यांत, मधे भाजीला फोडणी देत भुताचा सिनेमा बघू नका. भीतीला सलग वेळ लागतो. आणि ज्या घरात माणसांना एकमेकांची काळजी नाही, त्या घरातल्या भुताची भीती वाटत नाही. आधी माणसं आवडली पाहिजेत.

वहिनीचा नियम एकच. ती उठून गेली तर सिनेमा चांगला.

वहिनी पेणकडची. मिठागरवाल्यांच्या घरातली. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पण सिनेमाचं वेड माझ्याहून जास्त. मात्र भुताचा सिनेमा तिने आजवर एकही पूर्ण पाहिलेला नाही. पदराआडून बघते, बोटांच्या फटीतून बघते, आणि एका क्षणी "बाय, मना भाकऱ्या टाकायच्यात" म्हणून उठते. मग दुपारी गाद्यांच्या कोठीत मी तिला पुढचा सिनेमा सांगते. आमचा पॉडकास्ट असाच सुरू झाला. मी सांगते आणि ती हूं देते. "हं." "मंग?" "अगो बाय!" "त्या पोराला कशाला धाडलं तिनं तिकडं, मेलीनं!" ऐकणारे विचारतात, "वहिनी कितव्या मिनिटाला उठल्या?" आमच्याकडे सिनेमाला तेच गुण मिळतात.

हूं देणं ही आमच्याकडची जुनी पद्धत. लहानपणी सोडे सुकत घालण्यासाठी कोलंबी सोलायला बसलो की आत्या भुताच्या गोष्टी सांगायची. आधी ठरवायची, आज हूं कोण देणार. ज्याच्यावर पाळी तो दर वाक्याला हूं म्हणायचा. तो चुकला की आत्या गोष्ट तिथेच थांबवायची, कोलंबीवर पाणी मारायची आणि उठायची. बिनहुंकाराची गोष्ट सांगायची नसते. आपलं माणूस हूं देत नसेल तर दुसरं कुणीतरी देईल, आणि ते कोण असेल हे आपल्याला माहीत नसतं. आम्ही पोरं जीव खाऊन हूं म्हणायचो.

यंदा पुण्याच्या एका मोठ्या ॲपवाल्यांनी आमचं ऐकलं. हॅलोविनसाठी एक खास भाग करा, जमला तर पुढचं वर्षभर आमच्याकडे या, असं म्हणाले. त्यांच्याकडचं हे सगळं बघणारा मुलगा हुशार होता, बोलायला गोड. मला मॅडम म्हणायचा. आम्ही भाग करून पाठवला, आणि चार दिवसांनी त्यांनी तो साफ करून परत पाठवला.

मी वहिनीला बोलावलं. ती ओल्या हातांनी आली, गादीवर टेकली. मी फोन मधे ठेवून भाग लावला. माझा आवाज आला, स्वच्छ, घासून पुसून. पहिला सिनेमा झाला, दुसरा झाला. वहिनी वाट बघत होती. तिसऱ्या सिनेमाला ती म्हणाली, "मी कुठं हाय?"

ती कुठेच नव्हती. सगळी हूं कापली होती. "मंग?" कापलं, "अगो बाय" कापलं, पोराला धाडणारीला शिव्या दिल्या होत्या त्याही कापल्या.

मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही इतकं छान बोलता. मधले ते आवाज डिस्टर्ब करतात. खरं सांगू? तुम्ही एकट्याच करा. वर्षाचं पक्कं समजा." फोन स्पीकरवर होता. वहिनीने ऐकलं.

"घे की, बाय," फोन ठेवल्यावर ती म्हणाली. "तू शिकलेली. तुजा आवाज बरा हाय. माजं काय, मी नुसती हूं तर म्हंते." आणि गाद्यांच्या चादरी नीट करायला लागली, ज्या आधीच नीट होत्या.

मला ते वर्ष हवं होतं. का नको असावं? आमच्या घरातलं कुणीतरी एवढ्या लोकांपर्यंत बोलतंय, हे मला हवं होतं. म्हणून मी तो साफ केलेला भाग पुन्हा ऐकला, एकटीने, नीट कान देऊन. आणि माझ्या लक्षात आलं की तो वाईट आहे. माझं बोलणं परीक्षेच्या उत्तरासारखं वाटत होतं. मुद्दा, स्पष्टीकरण, उदाहरण. घाबरायला त्यात कुणीच नव्हतं. वहिनी "अगो बाय" म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की इथे एक माणूस बसलंय आणि ते भ्यालंय. ते काढलं की उरते माहिती, आणि माहितीला कोण घाबरतं?

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्याला परत फोन लावला. म्हटलं, "भागाचं मग बोलू. आधी एक सिनेमा ऐका, यात न घेतलेला."

"बोला ना मॅडम."

"एक बेट आहे. नवरा, बायको आणि सासू. बायको नवीन आलेली. पहाटे विहिरीवर जाते तर पोहरा आधीच ओला."

"हं."

"तिला वाटतं, सासू लवकर उठली असेल. दुसऱ्या दिवशी ती सासूच्या आधी उठते. पोहरा ओलाच."

"मग?"

"मग ती रात्री पोहरा घरात आणते आणि उशाशी ठेवून झोपते."

"बापरे. मग?"

मी डब्यातली भाकरी मोडली.

"मॅडम? सकाळी ओला असतो का तो?"

"ते सिनेमात बघा. आता मला सांगा, तुम्ही हे 'हं' म्हणालात, 'मग' म्हणालात, 'बापरे' म्हणालात, हे सगळं कापून टाकू का?"

 मग तो हसला, मोकळं हसला. चांगला मुलगा होता, म्हटलं ना.

"आम्ही दोघी येऊ, नाहीतर कुणीच नाही," मी म्हणाले. "आणि हूं एकही कापायचं नाही."

"ठीक आहे मॅडम, नाही कापत. पण माझं पण एक ऐका. वहिनींनी नुसतं हूं नको द्यायला. त्यांनीही एक सिनेमा सांगायचा. पूर्ण त्यांचा."

संध्याकाळी घरी हे ऐकून वहिनी सांगाड्यांना घाबरली नसती तेवढी घाबरली. "मना न्हाय जमायचं. मी शेवटपर्यंत बघितलाय कुठला?"

"बघितलाय तेवढा सांग."

"आनि लोकं हसली तर?"

"हसू देत. तू उठलीस ना त्यातून? मग तो चांगलाच असणार."

रविवारी पाहुणे निघाल्यावर आम्ही कोठीत बसलो. वहिनीने पदर खोचला, जसा ती मासे घ्यायला जाताना खोचते, आणि सुरुवात केली. तिने निवडला होता एका म्हाताऱ्या बाईचा सिनेमा. त्या बाईचा मुलगा समुद्रावर गेलेला, परत न आलेला, आणि तिच्या दारात रोज संध्याकाळी ओल्या पायांचे ठसे. वहिनी सांगत होती ती आमच्या ओटीवरची बाई असल्यासारखी सांगत होती. माझ्याच्याने राहवेना. मी मधेच म्हणाले, "इथे खरं तर कॅमेरा कुठे ठेवलाय हे बघण्यासारखं..."

"बाय," वहिनी म्हणाली, "मधी बोलू नको. हूं दे. नायतर मी उठते."

मी हूं दिलं. दर वाक्याला दिलं. म्हातारी दिवा घेऊन दाराशी येते. हं. ठसे आज उंबऱ्यापाशी थांबलेले नाहीत. हं. ते आत गेलेत. अगो बाय. ते चुलीपर्यंत गेलेत, आणि चुलीपाशी म्हातारी रोज त्याचं ताट वाढून ठेवते, ते ताट...

वहिनी थांबली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय," वहिनी म्हणाली, "मी भाकऱ्या टाकायला गेले. पुढचा तुमीच बघा."